एका पायाचा मोजा

आमच्या ह्यांचा फोटो स्टुडिओ आहे. म्हणजे बाहेरच्या पाटीवर तसं लिहिलंय. आत एक स्टूल, एक पांढरा पडदा, दोन दिवे आणि हे. एकतीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढतात. कान दिसले पाहिजेत, दात दिसता कामा नयेत, सावली नको, एवढंच ते काम. आणि जीव सगळा सिनेमात अडकलेला. साधा सरळ उजेड दिसला की या माणसाच्या कपाळाला आठ्या पडतात.

टेबलाच्या खणात ह्यांची इस्टेट आहे. एका काचेवर कडेकडेनं व्हॅसलीन फासलेलं, म्हणजे मध्ये चेहरा आणि भोवती धुकं. दुसरीवर सुईनं बारीक जाळी ओरखडलेली. तिच्यातून पाहिलं की प्रत्येक दिव्याची चांदणी होते. एका कड्यावर निळा नायलॉनचा दोरा उभा ताणलेला, त्यानं दिव्यातून आडवी निळी रेघ निघते. लेन्सवर लावायचे असे फिल्टर बाजारात तयार मिळतात, पण विकतच्यात मजा नाही म्हणे. प्रयोगाला मी आहेच. बटाटे सोलताना, कपडे वाळत घालताना, एकदा तर शिंकताना. बँकेतले साहेब फोटोला आले तेव्हा चांदणीची काच लेन्सवर चुकून राहिली. चुकून असं हे म्हणतात. साहेबांच्या टकलावर लखलखीत चांदणी उगवली. साहेबांनी तो फोटो मोठा करून नेला, ते निराळं.

लेकीनं परदेशातून मला थंडीसाठी पातळ काळे मोजे पाठवले होते. जपून ठेवले होते मी. एक दिवस पाहते तर एकच मोजा. दुसरा कात्रीनं कापून ह्यांनी लेन्सवर ताणलेला.

"अगं, उजेड कसा विरघळतो बघ," हे म्हणाले.

"आणि मी काय एकाच पायाला थंडी वाजवून घेऊ?" मी म्हटलं.

पुढे लेकीला दिवस गेले. पहिलंच बाळंतपण, मी जायचं ठरलं. नवराच फोटोग्राफर, त्यामुळे व्हिसाच्या फोटोची काळजी नव्हती. तिथंच माझं चुकलं.

फोटो परत आला. शेरा असा, की चेहऱ्याभोवती प्रकाश दिसतो, चेहरा अस्पष्ट. ह्यांनी दुसरा काढला. तो घेऊन मी स्वतःच व्हिसाच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईंनी तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला आणि विचारलं, "काकू, तुमच्या मागून सूर्य उगवतोय का?" मग कामाचं बोलल्या. शुक्रवारपर्यंत चालेलसा फोटो द्यायचा, नाहीतर अर्ज पहिल्यापासून. पहिल्यापासून म्हणजे सहा आठवडे. लेकीची तारीख चार आठवड्यांवर.

घरी आले तेव्हा माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. "अहो, खरं सांगा. मी जायला नकोय ना तुम्हाला? चहा स्वतः करावा लागेल म्हणून हे उद्योग."

ह्यांनी कॅमेरा माझ्या नाकासमोर आणला. "बघ, लेन्सवर काही आहे? बोट लावून बघ." काच अगदी कोरी होती. हे कॅमेऱ्यावर हात ठेवून शपथ घ्यायला निघाले. पण ज्या माणसानं माझ्या शिंकेलासुद्धा धुकं घातलं, त्याच्या शपथेवर कोण विश्वास ठेवणार?

गुरुवारी सकाळी मी पायात चपला अडकवल्या आणि समोरच्या स्टुडिओत गेले. एकतीस वर्षांत त्या दुकानाची पायरी चढले नव्हते. समोरवाल्यानं एक शब्द न विचारता दोन मिनिटांत फोटो काढला. सुरकुत्या, डोळ्यांखालच्या पिशव्या, हनुवटीवरचा तीळ, सगळं जागच्या जागी. कचेरीत तो लगेच चालला. हे आपल्या दारात उभे राहून सगळं बघत होते. भांडले असते तर बरं झालं असतं. आत जाऊन रिकामं स्टूल पुसत बसले, त्याचं मला फार वाईट वाटलं.

दुपारी हे स्वयंपाकघरात आले. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात त्यातून काढलेली लेन्स. लेन्सच्या मागच्या बाजूला चिकटपट्टीनं चिकटवलेला माझा मोजा. मागून लावला की उजेड आणखी मऊ पडतो म्हणून दोन महिन्यांपूर्वी लावला होता, आणि हे साफ विसरले. आम्ही दोघं आपले पुढची काच तपासत बसलो होतो. दोन महिने गिऱ्हाईक का वाढलं होतं तेही मला तेव्हा कळलं. बसच्या पासाला, वाचनालयाच्या कार्डाला ते फोटो चालून जायचे, आणि पेन्शनीतली मंडळी तर जास्तीच्या प्रती मागून नेत होती.

"माझ्यापायी तुझं जाणं हुकलं असतं," हे म्हणाले आणि खाली बघत बसले. मला हसू फुटलं ते आवरेना. माफ केलं असं ह्यांना वाटलं. कसलं माफ. ह्यांनी चहाचा कप तोंडाला लावला तेवढ्यात मोज्याचा तुकडा माझ्या पर्समध्ये गेला.

मी निघेपर्यंत हे खण उपसत होते. "माझा मोजा पाहिलास का गं?"

"कुठल्या पायाचा?" मी विचारायची.

वेळेवर पोचले. नात झाली. तिसऱ्या दिवशी मी मोज्याचा तुकडा मोबाइलच्या लेन्सवर ताणला आणि खिडकीशी झोपलेल्या पोरीचा फोटो ह्यांना पाठवला. गालाभोवती उजेड असा काही पसरला होता की मीच बघत राहिले. लगेच फोन आला.

"मोजा तू चोरलास."

"माझाच होता."

"डावीकडे सैल धरलायस. ताणून धर जरा." मग आवाज बारीक झाला. "अगं, आता एक फोटो मोजा न लावता पाठव. ती नक्की कशी दिसते ते बघायचंय मला."

मी मोजा बाजूला ठेवला आणि खिडकीचा पडदा पूर्ण सरकवला.