ज्या शहराची बॅग कधी आली नाही

बाबा रे,

हे पत्र हातात पडलं की तू आधी ते हुंगशील, मग पाकिटाच्या कडा चाचपशील, पत्त्यावरची शाई पसरलीय का ते बघशील, आणि "ताईच्या घरात ओल आलीय" असं ठरवून न वाचताच बाजूला ठेवून देशील. तसं करू नकोस. माझं घर ठणठणीत कोरडं आहे. पाकिटावर चहा सांडला, एवढंच.

तुझ्या त्या सहलीची हकिगत जो भेटेल तो मला विचारतो. सांगून सांगून माझा घसा बसला. शिवाय दर वेळी कोणीतरी मध्येच तोंड घालतं आणि सगळं विस्कटतं. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते आहे. आता तुझ्याबद्दल तुलाच "तू असा, तू तसा" म्हणत बसले तर तू ओळीओळीला वाद घालशील. तेव्हा पुढच्या ओळीपासून तू 'तो' आहेस. गुपचूप वाच.

तर तो बॅगा दुरुस्त करतो. बसस्टॉपच्या मागे, झेरॉक्सवाला आणि चष्मेवाला यांच्या मध्ये चेंगरलेल्या गाळ्यात त्याचं दुकान आहे. आत एक शिवणयंत्र, एक स्टूल, भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने टांगलेली चाकं आणि पार छपराला भिडलेल्या बॅगा. दोन माणसं आत आली की तिसऱ्याने श्वास बाहेर जाऊन घ्यायचा.

बॅग आली की तो ती लगेच दुरुस्त करत नाही, आधी तिची उलटतपासणी घेतो. अस्तर उलटं करून झटकतो, चेनवरून नख फिरवतो, चाक उघडून त्यातली घाण कागदावर पाडतो, आणि शेवटी बॅगेत नाक खुपसून लांबलचक श्वास घेतो. मग गिऱ्हाइकाकडे न बघता म्हणतो, "बंदराचं शहर. जुलै. खोली तळमजल्यावर होती." गिऱ्हाईक गार होतं. तळमजल्याचं त्याला हँडलला लटकलेल्या हॉटेलच्या चिठ्ठीवरून कळलेलं असतं, पण ते तो सांगत नाही.

देश केवढा थोरला आपला. एका टोकाला माणसं स्वेटरवर स्वेटर चढवत असतात तेव्हा दुसऱ्या टोकाला बनियनवर पंख्याखाली पडलेली असतात. एकीकडची बोली दुसरीकडे गेलं की हातवाऱ्यांनी बोलावी लागते. अशा देशात कुठे जावं आणि केव्हा जावं, हे भल्याभल्यांना ठरवता येत नाही. त्याने ते ठरवून टाकलं होतं. अठ्ठावीस वर्षांत हाताखालून गेलेली प्रत्येक बॅग त्याच्या वहीत होती. शहर, महिना, आजार. राजधानी, मे: हँडल वितळून वाकडं. तळ्यांचं शहर, सप्टेंबर: अस्तराला बुरशी आणि आत एक बेडूक. खाणींचं शहर, कुठलाही महिना: चेनमध्ये काळी भुकटी, गिऱ्हाइकाच्या कानातही तीच.

आळीतले लोक त्याला वेधशाळा म्हणायला लागले. आधी चेष्टेने, मग कामापुरतं, आणि शेवटी लोक तिकीट काढण्याआधी त्याच्याकडे जायला लागले. बँकेतल्या कॅशियरने तर लग्नानंतरची सहल त्याच्या शब्दाखातर पाच महिने पुढे ढकलली. पाच महिन्यांनी हवा उत्तम होती. पण तोवर सासूचा मोडलेला पायही बरा झाला होता, त्यामुळे तीही बरोबर आली.

आता त्याची बायको. ती डोळ्यांच्या दवाखान्यात आहे. लोकांची हनुवटी यंत्रावर टेकवायची आणि "वर बघा, लांब बघा, आता खालची ओळ वाचा" म्हणायचं, हे तीस वर्षांचं तिचं काम. स्वतः तिने लांबचं म्हणावं असं काहीच बघितलं नव्हतं. दरवर्षी ती एक शहर काढायची आणि दरवर्षी तो वही काढायचा. तळ्यांचं शहर म्हणावं तर बेडूक. बंदर म्हणावं तर चेन गंजते. डोंगरातलं थंड हवेचं गाव म्हणावं तर तिथून परत आलेल्या एका बॅगेला माकडाचे दात लागले होते, आणि ते दात त्याने जपून मोजले होते. ती म्हणायची की मी काही बॅग नाही. त्यावर तो म्हणायचा की बॅग बिचारी खरं तरी सांगते, माणसं घरी येऊन मजा आली म्हणतात.

त्या वर्षी मात्र दोन गोष्टी झाल्या. दवाखान्याने फळ्यावर कागद लावला, की साठलेली रजा डिसेंबरअखेर घ्या, नाहीतर बुडाली. तिची अठरा दिवसांची साठली होती. आणि तिची धाकटी बहीण, जी मैत्रिणींचा घोळका घेऊन दरवर्षी कुठेतरी जाते आणि फ्रिजला चिकटवायचं काहीबाही घेऊन येते, ती म्हणाली की आमच्यात एक जागा रिकामी आहे, ये.

बायको मटार सोलत होती. मान वर न करता ती त्याला म्हणाली, "रविवारपर्यंत शहर आणि महिना सांगा. नाही सांगितलात तर मी धाकटीबरोबर जाते. आणि एकदा गेले की मग दरवर्षी तिच्याबरोबरच. तुमच्याबरोबर जायची हौस आहे मला अजून. पण ती काही तुमच्या वहीइतकी टिकायची नाही."

हे त्याच्या वर्मी लागलं. त्यालाही जायचं होतं, आणि तिच्याबरोबरच. इतक्या वर्षांनी नेणार आणि नेमक्या वाईट महिन्यात नेऊन तिचा हिरमोड करणार, याचीच तर त्याला धास्ती होती. दुकान अर्धं बंद ठेवून तो आठवडाभर वह्या चाळत बसला. शनिवारी दुपारी तो ताडकन उठला आणि छपराला डोकं आपटून खाली बसला. एक शहर असं होतं की अठ्ठावीस वर्षांत तिथून एकही बॅग आली नव्हती. पुलांचं शहर. चांगलं मोठं, नकाशात ठळक टिंब असलेलं. आणि वहीत पान कोरं.

त्याने थोरल्या बहिणीला फोन केला. बहीण म्हणाली, "अरे शहाण्या, धड बॅग तुझ्याकडे कशाला येईल?"

"तेच तर म्हणतोय ताई. तिथून सगळ्यांच्या धडच येतात."

बहिणीने फोन ठेवला.

बायकोने कुठलं शहर हे धड ऐकूनही घेतलं नाही, फक्त महिना विचारला. नोव्हेंबर म्हटल्यावर तिने त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला, वर साहेबांसमोर उभं राहून सही घेतली. मग लक्षात आलं की घरात बॅगच नाही. तीस वर्षं दोघं कुठे गेलेच नव्हते. शेवटी दुकानाच्या माळ्यावरून एक जांभळी बॅग काढली, जी कोणीतरी अकरा वर्षांपूर्वी टाकून गेलं होतं. त्याने तिला नवी चाकं बसवली, दुहेरी टाके घातले, हँडलला पोलादी पट्टी मारली आणि जाहीर केलं, की ही आता आपल्या दोघांनाही पुरून उरेल.

रेल्वेचा दीड दिवस झाला. बायको सगळा वेळ खिडकीशी, आणि तो येईल त्या स्टेशनावर उतरणाऱ्यांच्या बॅगा बघत.

पुलांच्या शहराच्या स्टेशनाला बाहेर पडायला शहाण्णव पायऱ्या होत्या. पायऱ्या संपल्या तिथे रस्ता सुरू झाला, तो उभा चढ, आणि त्यावर भोपळ्याएवढे गुळगुळीत गोटे. पाऊस वरून पडत नव्हता, बाजूने येत होता. तिसऱ्या वळणावर बॅगेचं डावं चाक सुटलं आणि उतारावरून एकटंच नदीकडे निघालं. पहिला पूल त्याने ओलांडला, असं बघणारे सांगतात.

बायको पोट धरून हसली. तो मात्र भिजत उभा. "असल्या गावात," तो फळवाल्याला म्हणाला, "एकही बॅग मोडत नाही?"

"न मोडायला काय झालं?" फळवाला म्हणाला. "रोज मोडतात. त्या पलीकडच्या बोळात जा. आमचा बॅगवाला घटकेत करून देतो."

त्याचा चेहरा असा उतरला की बायकोने त्याच्या डोक्यावर छत्री धरली.

बोळात एक चेंगरलेला गाळा होता. भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत चाकं. छपराला भिडलेल्या बॅगा. स्टुलावर याच्याच अंगापिंडाचा एक माणूस. त्याने काही विचारलं नाही. जांभळी बॅग ओढून घेतली, अस्तर झटकलं, चेनवर नख फिरवलं आणि नाक आत खुपसलं. बायकोने कपाळाला हात लावला.

"कोरडं शहर," तो माणूस म्हणाला. "दीड दिवस रेल्वे." मग थांबला. फळीवरून एक जाडजूड वही काढली, पान उघडलं. पान कोरं. "तुमच्या शहराची बॅग माझ्याकडे कधीच आली नाही हो. चोवीस वर्षांत. मी घरी सांगून ठेवलंय, गेलो तर तिथेच जाऊ."

"ऐकून ऐकून माझे कान किटले," पडद्याआडून त्याच्या बायकोचा आवाज आला.

दोघं बॅगवाले एकमेकांकडे बघत राहिले. मग हा खाली मान घालून म्हणाला, "येऊ नका. आमचे फुटपाथ भयंकर आहेत. मोडलेल्या सगळ्या बॅगा मीच दुरुस्त करतो."

झालं. दुसरं स्टूल आलं, चहा आला, वह्या मांडल्या गेल्या. कारण अर्थातच हा आपली वही बरोबर घेऊन आला होता. बायकोच्या लक्षात आलं की एकटा तिला तीस वर्षं पुरला होता, आणि आता असे दोन झाले. ती पडद्याआडच्या बाईला म्हणाली, चला. ती बाई चपला घालूनच उभी होती.

त्या दोघींनी चार दिवसांत सातही पूल पालथे घातले. नावेत बसल्या, नावाड्याशी भांडल्या, पावसात भाजलेले शेंगदाणे खाल्ले. इकडे गाळ्यात दोन वह्या ताडून पाहण्याचं काम चाललं होतं. याच्या वहीत जे शहर एप्रिलात वाईट, ते त्याच्या वहीत ऑक्टोबरात वाईट. याच्याकडचा चांगला महिना त्याच्याकडे बाद. दोन्ही वह्यांची सगळी काटछाट झाल्यावर अख्ख्या देशात फिरायला योग्य असे नऊ दिवस उरले, आणि त्यातला एक एकोणतीस फेब्रुवारी होता.

पाचव्या दिवशी दुपारी बायको एकटीच गाळ्यात आली. ओली छत्री तिने दारात टेकवली.

"उद्या आपली गाडी आहे," ती म्हणाली. "शहर मी बघितलं. यांच्या मिसेसबरोबर. मग धाकटीबरोबर गेले असते तर काय वेगळं झालं असतं, सांगा मला."

त्याने हातातला हातोडा खाली ठेवला आणि उठला. या वेळी डोकं आपटलं तरी थांबला नाही.

ती त्याला शहराच्या माथ्यावर घेऊन गेली. चढ उभा होता, गुडघे दोघांचेही कुरकुरत होते. वर पोचल्यावर तो कठड्याला टेकला आणि सवयीने खाली, पायाजवळच्या दगडांतल्या चाकांच्या खाचा बघू लागला. तिने त्याची हनुवटी दोन बोटांनी धरली आणि वर केली.

"लांब बघा," ती दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली. "काय दिसतं?"

"पूल."

"किती?"

त्याने मोजले. "सात."

"आता खालची ओळ."

त्याने डोळे बारीक केले. मग म्हणाला, "शेवटच्या पुलावर एक माणूस बॅग ओढतोय. डावं चाक गेलंय तिचं."

ती इतकी हसली की कठडा धरावा लागला. तोही हसला, आणि पाऊस कानात जात असताना दोघं तिथेच दिवे लागेपर्यंत उभे राहिले. उतरताना तो म्हणाला, "नोव्हेंबर इथे वाईटच. नोंद करायला हवी." चार पायऱ्या गेल्यावर पुन्हा म्हणाला, "पुढच्या वर्षी दुसरा कुठला वाईट महिना घेऊ या?"

तिने त्याचा दंड धरला, आणि त्या शहाण्णव पायऱ्यांसकट थेट घरापर्यंत सोडला नाही. धाकटीची ती रिकामी जागा पुढे कोण्या दंतवैद्य बाईने भरली. हे दोघं मात्र दरवर्षी जातात. भर मे महिन्यात राजधानीत जाऊन आले. हँडल वितळलं. वहीत लिहिलंय: "हँडल वितळलं. मजा आली."

तर बाबा रे, आता तू पुन्हा 'तू'.

त्या पुलांच्या शहरातल्या माणसाला तू निघताना जुन्या घडणीच्या पितळी कुलपांची एक जोडी कबूल केली होतीस. तसली हल्ली कोणी करत नाही, त्याला हवी होती. माझी लेक त्याच्या गावापासून दोन तासांवर राहते आणि मी तिच्याकडे जाणार होते, म्हणून तू ती माझ्याजवळ दिलीस. पोस्टाने पाठवायला तू तयार नव्हतास, टपालाची पोती तू बघितली आहेस म्हणे. मी हो म्हटलं. फक्त माझ्या बॅगेचं चाक कुरकुरतंय म्हटलं, तर तू ती दोन दिवसांत देतो म्हणून घेऊन गेलास.

याला तीन वर्षं झाली. मी फेब्रुवारी म्हटलं, तू मान हलवलीस. जून म्हटलं, नाक मुरडलंस. ऑक्टोबर म्हटलं तेव्हा म्हणालास, ताई, तुझ्या वयाला साजेसा महिना बघू दे. बायकोला धो धो पावसात आणि भट्टीत नेणारा तू, माझ्यासाठी तेवढा चांगला महिना शोधतोयस.

कुलपं माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहेत, तू गुंडाळलेल्या कागदातच. बॅग तुझ्या छपराला, वरून तिसरी. काल तुझ्या शेजारी झेरॉक्स काढायला आले होते, तेव्हा डोकावले. तू जेवायला गेला होतास. कुरकुरणारं चाक तू काढून ठेवलं आहेस. दुसरं अजून बसवलेलं नाहीस.