बॅटरीजवळचा फ्यूज

"वहिनी, तुम्ही फक्त कलर सांगा. लाइट निळी लावू की लाल?"

कार डेकोरच्या दुकानदाराने मला विचारलेला हा एकुलता एक प्रश्न. बाकी सगळं तो माझ्या नवऱ्याशी बोलत होता. गाडी माझी, सबवूफर, म्हणजे बेस वाजवणारे मोठे स्पीकर, मला हवे होते. नवरा शाळेत कारकून; त्याला गाडीत बातम्या ऐकू आल्या तरी पुरतं. पण प्रश्न मी विचारायचा आणि दुकानदाराने उत्तर त्याच्याकडे बघून द्यायचं, असं चाललं होतं.

मी नऊ वर्षं एका कारखान्यात कंट्रोल पॅनलचं वायरिंग केलंय. कुठल्या जाडीच्या वायरीतून किती करंट न्यायचा, हे मला झोपेतून उठवून विचारा. बेचाळिसाव्या वर्षी बाईला गाडीत बेस कशाला लागतो, हे सासरी सगळ्यांचं विचारून झालं होतं. मला आवडतो. छातीत वाजलेला आवडतो. एवढं कारण पुरेसं असायला हवं.

दुकानदाराने एक चकचकीत अँप्लिफायर पुढे केला. वर ठळक अक्षरांत 'तीन हजार वॅट'. मी तो उलटा केला. बाजूला तीस अँपिअरचा फ्यूज.

"गाडी चालू असताना बॅटरीवर फार तर चौदा व्होल्ट," मी म्हटलं. "तीस गुणिले चौदा, चारशे वीस वॅट. मग तीन हजार येणार कुठून?"

तो नवऱ्याला म्हणाला, "मॅडम टीचर आहेत का?" आणि नवरा हसला.

मी वरच्या फळीवरचा एक काळा, साधा, जड अँप्लिफायर काढायला लावला. त्यावरचा आकडा लहान होता, पण खरा होता. चार ओहमचे दोन सबवूफर समांतर जोडले की भार दोन ओहमचा होतो. तेवढा तो झेलणारा होता. मग कागदावर तीन गोष्टी लिहिल्या : वायर जाड आणि पूर्ण तांब्याची, बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज, इंजिनाकडून वायर आत येते त्या पत्र्याच्या भोकात रबराची रिंग. कागद नवऱ्याच्या हातात दिला आणि मी आमच्या तळा गावाची एसटी पकडली, कारण घरी पाहुणे यायचे होते. संध्याकाळी तो गाडी घेऊन आला.

"सगळं केलं?"

"तू लिहिलंस तसं."

मी डिकी उघडून बघितली, गाणं लावलं, खूश झाले. बॉनेट उघडलं नाही. त्याचा राग माझा माझ्यावर आहे.

आठवड्याने आईला हरिहरेश्वरला न्यायचं होतं. माझं माहेर आगरदांड्याजवळ, म्हणून गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने दिघीला उतरून पुढे जायचं ठरलं. धक्क्यापर्यंतच्या रस्त्याने गाडी खिळखिळी केली. फेरीत पुढे-मागे गाड्या लागल्या, मी इंजिन बंद केलं, आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. बॉनेटच्या फटीतून धूर.

"काय झाला गो?" आई विचारत होती.

"आई, उतर. पिशवी राहू दे, आधी उतर."

शेजारच्या टेम्पोवाल्याकडून दहा नंबरचा पाना घेतला आणि बॅटरीची निगेटिव्ह बाजू सोडवली. सगळीकडे गाड्या, त्यांत पेट्रोल, बाहेर पाणी. एका मुलीला कडेवर घेतलेली बाई माझ्याकडे बघत मागे मागे सरकत होती. धूर थांबला.

मग मी वायर बघितली. फ्यूज नव्हताच, वायर सरळ बॅटरीला आवळलेली. रबराची रिंग नाही. पत्र्याच्या धारेने आवरण कापून काढलेलं. आतली तार वरून तांबडी, कापल्या जागी पांढरी. ॲल्युमिनियम.

दिघीच्या धक्क्यावर टेम्पोवाल्याने आणि दोघा-तिघांनी गाडी ढकलून उतरवली. तिथूनच नवऱ्याला फोन लावला.

"फ्यूज कुठे आहे?"

तो म्हणाला, "दुकानदार बोलला, लागत नाही. अँप्लिफायरला असतो म्हणे."

"तो अँप्लिफायरला वाचवतो. गाडीला कोण वाचवणार? माझा कागद दिलात त्याला?"

"अगं, त्याचं रोजचं काम आहे. त्याला जास्त कळत असणार ना."

आई माझ्या शेजारी उभी होती, म्हणून मी फोन ठेवला.

ती वायर तिथेच सोडवून डिकीत टाकली, बॅटरी पुन्हा जोडली आणि आईला देवळात नेऊन आणलं. दुसऱ्या दिवशी वायर घेऊन एकटी दुकानात गेले, ती त्याच्या काउंटरवर टाकली. तो जराही ओशाळला नाही. "वहिनी, दादाच बोलले, ती जरा डोकं जास्त चालवते, तुम्ही तुमच्या पद्धतीने करा."

मला वाटलं होतं, नवरा भिडेने गप्प बसला असेल. तसं नव्हतं. तो बोलला होता, माझ्याविरुद्ध. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांसमोर मी इतकी ओरडले की घसा दोन दिवस बसला. दुकानदार फ्यूज आणि नवी वायर फुकट देऊ लागला. त्याच्या हातचं काही घेतलं नाही.

सामान दुसरीकडून आणलं आणि रविवारी अंगणात सगळं मी पुन्हा घातलं. नवरा पक्कड घेऊन शेजारी येऊन उभा राहिला. "मी धरू का काही?"

"नको."

पुढे त्याचा एक मित्र आला, त्याने गाणं ऐकलं, वाहवा केली. नवरा म्हणाला, "आम्ही घरीच वायरिंग केलं."

"आम्ही नाही," मी म्हटलं, "मी केलं. ह्यांनी केलेलं फेरीत जळत होतं."

मित्र चहा अर्धा ठेवून उठला. चारचौघांत अपमान केला म्हणून नवरा अजून धुसफुसतो. फेरीबद्दल मात्र अजून एक शब्द बोललेला नाही, आणि माझा राग तसाच आहे.