तीन निळ्या दोऱ्यांची बाहुली

धम्मदिना मूळची भिवंडीजवळच्या शेलार गावची. लग्न होऊन ती भिवंडीत कामतघरला आली, तेव्हा तिचा नवरा मिथुन यंत्रमागांच्या एका शेडमध्ये जॉबर होता. बिघडलेले लूम दुरुस्त करणं हे त्याचं काम. धनेशच्या चाळीत त्यांनी एक खोली भाड्याने घेतली होती. धनेशच्या घरची पूर्वी खाडीकाठी शेती होती. आता त्या जमिनीवर गोदामं उभी होती आणि चाळीत बारा बिऱ्हाडं राहत होती.

बाहुल्यांचं वेड तिला चुलीमुळे लागलं. त्या वर्षी शेडमधल्या लाकडी कांड्या जाऊन प्लॅस्टिकच्या आल्या. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याच्या पोटात बसणारी, सूत गुंडाळायची वीतभर दांडी. जुन्या कांड्या पोत्यांत भरून जळणाला जात. मिथुनने त्यातलं एक पोतं घरी आणलं. पहिलीच कांडी चुलीत सारताना धम्मदिनाचा हात थांबला. वर्षानुवर्षं सुताने घासून लाकूड गुळगुळीत झालं होतं, वर निमुळती मान होती आणि खाली रुंद घेर. तिने ती बाजूला ठेवली. संध्याकाळी शाईने दोन डोळे काढले, कापडाच्या काठाची कातरण साडीसारखी गुंडाळली आणि काळ्या दोऱ्याची वेणी घातली. चौदा एप्रिलच्या मेळ्यात तिने टोपलीभर बाहुल्या मांडल्या. दुपारपर्यंत टोपली रिकामी झाली.

रस्त्यावर हितेशचं सायबर कॅफे होतं. तो म्हणाला, "ताई, या इंटरनेटवर टाका. पुण्याचे, बंगलोरचे लोक घेतील. मी शिकवतो तुम्हाला." कॅमेऱ्याची अडचण होती, ती धनेशच्या बायकोने सोडवली. दिपाली वहिनी मोकळ्या मनाची बाई. आपला चांदीच्या रंगाचा डिजिटल कॅमेरा तिच्या हातात ठेवून म्हणाली, "रविवारी ने, सोमवारी आणून दे. आमच्याकडं नुसता कपाटातच पडून असतो."

मग दर रविवारी खिडकीपाशी पांढरी चादर अंथरायची, एका हातात बाहुली धरून दुसऱ्या हाताने फोटो काढायचे, संध्याकाळी हितेशकडे जाऊन ते कॉम्प्युटरवर घ्यायचे आणि सोमवारी सकाळी कॅमेरा परत करायचा, असा नेम झाला. स्वतःचा चेहरा तिने कधी फोटोत येऊ दिला नाही. दिसायचा तो फक्त हात. दोन हजार आठची दिवाळी येईपर्यंत पोस्टाच्या खिडकीवरचा माणूस तिला नावाने ओळखू लागला होता.

डिसेंबरात हितेशने तिला खुर्चीवर बसवलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. ती बाहुल्या विकायची त्याच वेबसाइटवर दुसऱ्याच नावाचं एक पान होतं. त्यावर तिच्या बाहुल्या होत्या. तिची चादर, तिची खिडकी, तिचा हात. किंमत तिच्या निम्मी.

"चोरलेत," हितेश म्हणाला. "असं करतात लोक. आपण तक्रार करू."

तक्रार केली. चार दिवसांनी इंग्रजीत उत्तर आलं. ते हितेशने वाचून दाखवलं: फोटो तुमचेच आहेत याचा पुरावा पाठवा. धम्मदिनाला कळेना, आपल्याच हाताचा पुरावा कुठून आणायचा. पण घरी परतताना तिच्या मनात भलतीच गोष्ट टोचत होती. त्या पानावर नऊवारीतल्या बाहुलीचा एक फोटो होता. तो तिने गेल्याच रविवारी काढला होता आणि अजून कुठेच टाकला नव्हता.

म्हणजे चोर दूर बंगलोरला बसलेला नव्हता. फोटो जिथे जिथे जातात, तिथे कुठेतरी त्याचा हात पोहोचत होता.

पहिला संशय आला तो हितेशवर. दुसऱ्याच दिवशी ती त्याच्या दारात उभी राहिली आणि कॅफेतल्या चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "फोटो तुझ्या कॉम्प्युटरवर असतात. अजून कुणाकडं नसतात." हितेशचा चेहरा उतरला. तो एवढंच म्हणाला, "ताई, इथं दिवसाला साठ माणसं बसतात. पण मी तुमचं काही घेतलं नाही." ती मागे न बघता निघाली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी भर दुपारी एक माणूस तिच्या उंबऱ्याशी आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा सदरा, बगलेत खोकं. सिन्नरजवळच्या एका शाळेत मास्तर आहोत, असं त्यांनी सांगितलं. तिने पाणी दिलं. पेला घेताना मास्तर तिच्या अंगठ्याकडे बघत राहिले. तिथे जुन्या भाजल्याचा पांढरा डाग होता. मग त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर तिच्या बाहुलीचा फोटो छापलेला होता, बाहुली धरलेला हात होता आणि अंगठ्यावर डाग.

"हात हाच आहे," ते म्हणाले.

मिथुन ड्युटीवर होता. शेजारची दारं बंद होती. धम्मदिना भिंतीला टेकली.

मास्तरांनी खोकं उघडलं. आत फुटक्या प्लॅस्टिकच्या कांड्या आणि मूठभर चिंध्या होत्या. मुलीच्या लग्नात वऱ्हाडातल्या बायकांना द्यायला त्यांनी साठ बाहुल्या मागवल्या होत्या. हे खोकं ऐन लग्नाच्या आदल्या दिवशी पोहोचलं.

"तुम्ही इथवर आलात कसे?" तिने विचारलं.

त्यांनी कागदावर बोट ठेवलं. बाहुलीच्या मागे भिंतीवर कॅलेंडरची कड दिसत होती. त्यावर किराणा दुकानाचं नाव, कामतघर आणि फोन नंबर. "दुकानदाराला विचारलं, बाहुल्या करणारी बाई कुठं राहते. त्यानं घर दाखवलं. बाई, मला पैसे नकोत. ज्यानं हे केलं तो माणूस मला समोर बघायचा होता."

"मी केलं नाही."

"हात तुमचा आहे."

तिने उठून फळीवरच्या तयार बाहुल्या काढून त्यांच्यासमोर ठेवल्या, मग पोस्टाच्या पावत्या ठेवल्या. मास्तरांनी एक एक पावती चष्मा वर करून वाचली. त्यांना अर्धा तास लागला.  शेवटी ते उठले. "खरं असेल तुमचं," ते म्हणाले. "पण माझ्यासारखे आणखी किती असतील. सगळे काही पावत्या वाचत बसणार नाहीत." जाताना ते खोकं तिथेच ठेवून गेले.

त्या दिवसापासून कडी वाजली की ती आधी फटीतून बघायची, मगच दार उघडायची. तिने कॅलेंडर काढलं. खिडकीला पडदा लावला. पण फोटो आधीच गेले होते. आपलं घर कुणाकुणाला आतून माहीत आहे, हा विचार तिला जेवताना, केस विंचरताना, कुठेही गाठायचा.

मिथुन म्हणाला, "बंद कर हे सगळं." तीन दिवस तिने कांडीला हात लावला नाही. चौथ्या दिवशी तिने अगदी सारख्या तीन बाहुल्या केल्या. पहिलीच्या वेणीत एक निळा दोरा, दुसरीच्या दोन, तिसरीच्या तीन. रविवारी तिघींचे वेगवेगळे फोटो काढले. एका दोऱ्याच्या बाहुलीचा फोटो तिने आपल्या पानावर उघड टाकला. दोन दोऱ्यांचा फक्त हितेशच्या कॉम्प्युटरवर ठेवला. हितेश मान खाली घालून काम करत होता, त्याने काही विचारलं नाही. तीन दोऱ्यांचा फोटो तिने कुठेच उतरवला नाही. बाकीचे दोन पुसल्यावर तो एकटाच कॅमेऱ्यात राहिला आणि सोमवारी कॅमेऱ्याबरोबर दिपाली वहिनीच्या घरी गेला. तिथे तो पाठवताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

गुरुवारी ती हितेशकडे गेली. चोराच्या पानावर नवी बाहुली आली होती. हितेशने फोटो मोठा केला. धम्मदिनाने वेणीवर बोट ठेवून मोजलं. पुन्हा मोजलं. तीन.

"कुणाकडं होता हा?" हितेशने विचारलं.

तिने पडद्यावरून बोट काढलं. मग म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी मी चार माणसांत तुला बोलले. चुकले."

"ते जाऊ द्या. कुणाकडं होता?"

तिने सांगितल्यावर त्याने उठून कॅफेचं दार लोटून घेतलं. "ताई, जपून," तो म्हणाला.

दिपाली वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होती. धम्मदिनाने हितेशकडून छापून आणलेला तो फोटो सुपाशेजारी ठेवला आणि बाहुली त्यावर उभी केली. "वहिनी, हा फोटो फक्त तुमच्या कॅमेऱ्यात होता." दिपालीने कागद पाहिला. तिचा हात सुपातच राहिला. तिने घराच्या आत एकदा बघितलं आणि हळूच म्हणाली, "मला न्हाय ठाव गं. ते सोमवारी कॅमेरा मागतात, म्हणून मी देते." तिच्या आवाजावरून धम्मदिनाला कळलं की ही खरं बोलते आहे आणि घाबरलेली आहे.

धनेश बाहेर आला. त्याने कागद उचलून नीट पाहिला. तो रागावला नाही. खुर्ची ओढून बसला.

"कॅमेरा कुणाचा?" त्याने विचारलं.

"तुमचा."

"मग फोटो कुणाचे?"

"बाहुली माझी हाय. हात माझा हाय," धम्मदिना म्हणाली. घाबरली की तिच्या तोंडी शेलारची बोली येई.

"खोली पण माझी. खिडकी पण माझी." धनेशने कागदाची व्यवस्थित घडी घालून ती स्वतःच्या खिशात ठेवली. "मिथुन कुठल्या शेडला असतो हल्ली? त्या शेठचं आणि माझं बसणं-उठणं आहे. चांगला कारागीर आहे मिथुन. उगाच कशाला त्याच्या पोटावर पाय देतेस?" मग बायकोकडे वळून म्हणाला, "चहा ठेव. धम्मदिना पण घेईल."

धम्मदिनाने चहा घेतला नाही. तिच्याकडे त्याच फोटोच्या आणखी दोन प्रती होत्या. त्याच संध्याकाळी हितेशने तिन्ही बाहुल्या शेजारी शेजारी उभ्या करून स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढला आणि कोणता फोटो कुठे ठेवला होता ते सविस्तर लिहून वेबसाइटला पाठवलं. अकरा दिवसांनी ते पान उतरवलं गेलं. मास्तरांनाही तिने खोक्यावरच्या पत्त्यावर पत्र पाठवून सगळं कळवलं. त्यांनी सिन्नरला पोलिसांत तक्रार नोंदवली. चौकशीत पैसे ज्यात जमा होत होते ते बँकेतलं खातं निघालं एका लूम कामगाराच्या नावाचं, आणि तो कामगार गावी उत्तर प्रदेशात निघून गेला होता. धनेशचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

पान उतरल्याच्या आठवड्यात मिथुनला शेडवर येऊ नको म्हणून सांगितलं. कारण कुणी दिलं नाही. त्यानेही विचारलं नाही. दोघांनी टेम्पोत सामान भरलं आणि शेलारला तिच्या आईकडे गेले. निघताना दिपाली वहिनी ओट्यावर आली होती. ती नुसती उभी राहिली.

आई बकुळा म्हणाली, "आता पुरं झालं तुझं बाहुल्यांचं. ऱ्हा गप." पण मिथुन, ज्याने आधी बंद कर म्हटलं होतं, तो गोदामात हमालीच्या ड्युटीला लागला आणि पहिल्या पगारात जुना कॅमेरा घेऊन आला. "आता तोंड लपवू नकोस," तो म्हणाला. "हात कुणाचाही म्हणून खपतो. तोंड खपणार नाही." धम्मदिनाने प्रत्येक बाहुलीच्या तळाशी तापल्या तारेने आपलं नाव डागायला सुरुवात केली. आणि पहिल्यांदाच, बाहुली गालाशी धरून, सरळ समोर बघत तिने फोटो काढून घेतला. मोकळेपणी हसली त्यात. तो फोटो तिने आपल्या पानावर सगळ्यात वर लावला.

पुढल्या हिवाळ्यात ती वज्रेश्वरीला बाहुल्या घेऊन बसू लागली. देवळाच्या वाटेवर, गरम पाण्याच्या कुंडांकडे जाणाऱ्या लोकांची रहदारी असते तिथे. एका सकाळी वसईहून आलेली एक बाई तिच्यासमोर थांबली. बाहुल्यांकडे न बघता ती धम्मदिनाच्या तोंडाकडे बघत होती.

"तुम्हीच ना त्या?" बाई म्हणाली. "फोटोतल्या. दोन महिने फोन करतेय. माल पाठवला नाहीत, वर शिव्या दिल्यात."

आजूबाजूचे दुकानदार वळले. धम्मदिनाने बाहुली उलटी करून तळाचं नाव दाखवलं. बाईने ते वाचलं आणि मान डोलावली. "हेच. हेच नाव होतं तिथं."

जाताना बाईने इंटरनेटवरचं ते पान कुठलं, ते एका चिठ्ठीवर लिहून दिलं. तिचा विश्वास बसला नव्हता, हे तिच्या चालण्यावरून कळत होतं.

धम्मदिनाने टोपली आवरली आणि बस पकडून थेट हितेशकडे गेली. त्याने पान उघडलं. वर तिचं नाव होतं. खाली तिचा चेहरा, गालाशी बाहुली, तेच हसू. त्याखालचा मोबाइल नंबर तिचा नव्हता.

तिने हितेशचा फोन घेतला आणि नंबर लावला. दुसऱ्या घंटीला कुणीतरी उचलला.

"हां, धम्मदिना बोलतेय," एक बाई म्हणाली. आवाज ओळखीचा नव्हता. "बोला ताई, किती बाहुल्या हव्यात?"

मागे लूम चालू होते. एकसारखा खडखडाट, अगदी जवळचा. भिवंडीत अशी शेड कुठल्याही गल्लीत असते.

धम्मदिना काही बोलली नाही. पलीकडची बाई दोनदा हॅलो म्हणाली, मग तीही गप्प झाली, पण तिने फोन ठेवला नाही. दोघी तशाच ऐकत राहिल्या. शेवटी तिकडून फोन कट झाला.

"कोण होतं?" हितेशने विचारलं.

तिने फोन त्याच्या टेबलावर ठेवला, पदराने कपाळ पुसलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"तक्रार लिहायला घे," ती म्हणाली.