हरवलेला एक दिवस

नान शेपा आमच्या गावचे दिवस राखायची. वीस नावं, तेरा आकडे, दोनशेसाठ दिवसांचा फेरा, सगळं तोंडपाठ. सैनिकांनी गाव जाळलं तेव्हा कुणी पोरं उचलली, कुणी पाटा-वरवंटा. तिने लाल बियांचा बटवा कमरेला खोचला आणि चालता चालता दिवसांची मोजणी चालू ठेवली.

सीमेपलीकडे, मेक्सिकोतल्या छावणीत बारा वर्षं गेली. तिथे जन्मलेल्या आम्हा अकरा पोरांना आमचे जन्माचे दिवस तिनेच सांगितले. मला म्हणायची, "इलारिया, तू त्सिकिन, पाखराच्या दिवसाची. म्हणून तर चिवचिव थांबत नाही तुझी!"

गावी परतलो तेव्हा मी दहा वर्षांची होते. टेकडीवरच्या वेदीपाशी ही गर्दी, धूपाचा लोट. तिचे म्हातारे गुरू, तात सेफेरिनो, दिसताच नान शेपाने त्यांचे हात कपाळाला लावले.

"तात, आज सात त्सी. कुत्र्याच्या दिवशी घर सापडलं बघा."

"सात त्सी काल झाला गं. आज आठ बात्स, नव्या फेऱ्याचा सण. एवढी माणसं उगाच जमलीत होय?"

ती बोटांवर मागे मागे मोजत गेली. छावणीतल्या पहिल्याच पावसाळ्यात तिला ताप चढला होता, शुद्ध नव्हती. शेजारीण म्हणाली होती, तीन दिवस झाले. चार झाले असणार.

"अकरा लेकरांना मी चुकीच्या दिवसाच्या दारात उभं केलं, तात." ती पदरात तोंड खुपसून रडायला लागली.

"मी तरुणपणी दारूच्या नशेत दोन दिवस घालवले होते," तात म्हणाले. "बायकोने मोजले म्हणून अब्रू वाचली. रडतेस काय? दिवस कुठे पळून गेलेत? ने एकेकाला, खऱ्या दिवसाशी ओळख करून दे."

मी तिचा दंड हलवला. "मग मी कुठली?"

"आहमाक." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "क्षमेचा दिवस तो."

मला काय कळणार? मी म्हणाले, "बरं, मग पाखरू नाही तर नाही." तिने मला असं घट्ट धरलं की नाक दुखलं.

पुढच्या फेऱ्यात ज्याचा दिवस येईल त्याला घेऊन ती टेकडी चढली. मेणबत्ती लावायची आणि दिवसाला सांगायची, "हे तुमचं लेकरू. उशीर माझ्याकडून झाला." अकराही जणांचं झालं तेव्हा कुठे ती पोटभर जेवली.

मग रोज सकाळी ती तातांच्या दाराशी जाऊन दिवस ताडून बघायची. ते वारल्यावर मला दिवस विचारायला लागली, "आज कोण गं?" मी अडखळले की दंडाला चिमटा बसायचा. तिच्या शेवटच्या सकाळी मी न अडखळता दिवस सांगितला. तिने नुसता माझा दंड कुरवाळला.