झाकणाचा वायसर

फ्रेस्नोच्या गाडीतपासणी केंद्रात तपासनीस असलेल्या अर्शालुइसने कधी कुणाची भीड ठेवली नाही. टाकीतून पेट्रोलची वाफ गळते म्हणजे गळते, मग गाडी पाद्रीबाबांची असो नाहीतर सख्ख्या भावाची. भावाने तर नापास झाल्यावर तीन महिने बोलणं टाकलं होतं. बाईने खुशाल टाकू दिलं.

पण आज दारात गाडी उभी होती ती सासऱ्यांची. सेत्राक ऐंशी पार केलेले, जवळच्या फाउलर गावच्या द्राक्षमळ्यात एकटे राहणारे. नवऱ्याने, वाहानने, बापाला बजावलं होतं, "पास झाली तर खुशाल चालवा. नापास झाली तर किल्ली आमच्याकडे." आठवडाभर ती याच पेचात होती. नापास करावी तर म्हाताऱ्याचे पायच तोडल्यासारखे, आणि तोडणारी कोण, तर सून. पास करावी तर गेल्या महिन्यात त्यांनी गाडीने शेजाऱ्याची रस्त्याकडेची टपालपेटी आडवी केली होती. वाऱ्याने पडली, म्हणे. कसला वारा, जुलैत पानसुद्धा हलत नाही इथे.

तिने वाफ शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डब्याकडे जाणारी नळी चिमट्याने बंद केली, टाकीच्या तोंडाला यंत्र जोडलं आणि आत थोडा दाब भरला. दोन मिनिटांत आकडा घसरला की गळती. सेत्राक टोपी हातात धरून उभे होते. आकडा जागचा हलला नाही.

"टाकी ठणठणीत आहे, बाबा."

त्यांचा चेहरा काही खुलला नाही. "झाकण राहिलं ना अजून?"

झाकण वेगळं तपासायचं असतं. ते यंत्राला लावलं आणि आकडा भराभर खाली आला. तिने झाकण उलटं केलं. आतला रबरी वायसर जुना झाला की सगळीकडून चिरतो. याला एकच काप होता, स्वच्छ, तिरका. लग्न होऊन आली त्या वर्षी वेल छाटताना असाच काप द्यायला सासऱ्यांनीच तिला शिकवलं होतं.

"नवं झाकण कपाटात आहे," ती सावकाश म्हणाली. "पाच मिनिटांत पास होईल."

"राहू दे. नापास म्हणजे नापास. तूच म्हणतेस ना?"

"वायसर कापलाय, बाबा."

"जुना झाला की कापतो."

"छाटणीच्या चाकूने?"

म्हातारा टोपीची कड चाचपत राहिला. मग खुदकन हसला. "तुला शिकवलं तिथेच चुकलं माझं." हसू लगेच विरलं. "ती टपालपेटी मला दिसलीच नाही गं पोरी. तिच्या जागी कुणाचं लेकरू असतं तर? पण दिसत नाही हे वाहानला कोणत्या तोंडाने सांगू? म्हटलं, तुझं यंत्रच सांगेल."

अर्शालुइस मटकन स्टुलावर बसली. छातीवरचा धोंडा उतरला आणि त्याच दमात तिला रागही आला. "आठवडाभर माझा जीव टांगणीला लावलात तुम्ही. एवढे उपद्व्याप करण्यापेक्षा मला एक फोन करता आला नाही?"

"आता सांगितलं ना," सेत्राक म्हणाले आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली.

तिने डोळे पुसले आणि कागदावर नापास लिहिलं. संध्याकाळी वाहानने कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "झाकण गळत होतं." यात खोटं काहीच नव्हतं.

शनिवारी नवं झाकण बसवून गाडी रीतसर पास झाली. किल्ली मात्र अर्शालुइसकडेच राहिली. रविवारी चर्चमध्ये द्राक्षांना आशीर्वाद मिळायचा होता. त्याआधी सेत्राक एक मणी तोंडात टाकत नसत. मळ्यातल्या द्राक्षांची पहिली पेटी मांडीवर घेऊन ते शेजारच्या सीटवर बसले आणि अर्शालुइसने गाडी काढली. "क्लच सोड सावकाश. अगं, बैल हाकतेस का?" वळणापर्यंत तोंडाचा पट्टा चालूच होता. वळण आलं आणि त्यांनी पेटी घट्ट धरली.

"इथे हळू. टपालपेटी आहे."

"मला दिसतेय, बाबा."

त्यांनी मान मागे टेकली आणि पुढे चर्च येईपर्यंत एकही चूक काढली नाही.