नकाशातला हातपंप

ऐंशीच्या दशकात गडचिरोलीच्या जंगलातल्या एका गोंड गावात मी ग्रामसेवक होतो. गावाला पहिला हातपंप मंजूर झाला, पण जागा मुंबईहून ठरून आली. नकाशावर लाल फुली होती आणि ती नेमकी धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात पडली होती. पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी साचतं, हे मुंबईला कोण सांगणार?

पंचायत समितीचे साहेब जीपने आले. संमतीच्या कागदावर सगळ्यांचे अंगठे घ्या म्हणाले. मिळतोय तर घ्यावा, म्हणून लोक पुढे सरकलेही. पण त्या गावात एक माणूस जरी नाही म्हणाला, तरी निर्णय होत नसे. एक म्हातारी उठली.

"पानी आमी बाया भरतो. बोरिंग मोहाच्या झाडाखाली पाह्यजे."

"बाकीचे तयार आहेत ना?" साहेब वैतागले.

"माहा अंगठा नाई, तं गावाचा नाई," ती म्हणाली. पुढे आलेले सगळे हात मागे गेले.

साहेबांनी माझ्याकडे डोळे वटारले. मीही पेटलो होतो. कागदावर ठळक लिहिलं, 'गावाला ही जागा मान्य नाही.' त्या एका ओळीपायी माझी बदली थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सिरोंच्याला झाली. इतकी चांगली ओळ मी नोकरीभर पुन्हा लिहिली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात हातपंप मोहाखालीच बसला. नकाशा मात्र कुणी दुरुस्त केला नाही. मुंबईच्या दप्तरात पंप अजून बांधीतच उभा असेल. तिथलं पाणी सरकारने खुशाल भरावं.