तिला ठेवायचं की मोकळं करायचं

हंगाम संपला की आमच्या ऑफिसात काही दिवस सगळे हळू आवाजात बोलतात. मुलींच्या हॉकी संघाचं ते ऑफिस पुण्यात एका चष्म्याच्या दुकानावर आहे. मी तिथं खेळाडू निवडीचं काम करते. वर्षभर स्पर्धा बघत हिंडायचं, कोण कशी खेळते ते येऊन सांगायचं, आणि हंगाम संपला की कुणाचा करार पुढं चालू ठेवायचा आणि कुणाला मोकळं करायचं ते बसून ठरवायचं. आम्ही तिघंच. लष्कराच्या संघातून खेळलेले आमचे साहेब, सामन्यांचे व्हिडिओ कापून दाखवणारा एक पोरगा, आणि मी. मी मूळची सेलूची. कॉलेजात असताना खेळायचे, नंतर नोकरी धरली, आणि फिरत फिरत पुन्हा हॉकीतच आले.

त्या वर्षीच्या बैठकीत आमच्या एका बचावपटूचा विषय निघाला. ती माझ्याच जिल्ह्यातली, चारठाण्याच्या अलीकडच्या एका खेड्यातली. विद्यापीठाच्या सामन्यांत तिला पहिल्यांदा बघून मीच तिचं नाव ऑफिसात आणलं होतं. समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला की गोलमधून सगळ्यांत आधी धावत सुटून थेट चेंडूच्या वाटेत शिरायचं, हे तिचं काम. भल्याभल्या मुलींचे पाय तिथं जड होतात. हिला मात्र कधी ढकलावं लागलं नाही. पण हंगामाच्या शेवटी शेवटी सरावातच तिचा उजवा गुडघा फिरला. आतला लिगामेंट तुटला. ऑपरेशन झालं. पुढचा हंगाम जवळजवळ सगळा जाणार, असं डॉक्टरांनी कळवलं होतं.

"मोकळं करावं लागेल," साहेब म्हणाले.

संघात जागा मोजक्या. जी खेळणारच नाही तिला धरून ठेवलं, तर बाहेर वाट बघत असलेली दुसरी बाहेरच राहते. साहेबांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

"पण फोनवर सांगू नका," ते पुढं म्हणाले. "तुम्ही त्याच भागातल्या आहात. जाऊन, तिच्या आईवडिलांसमोर बसून सांगा."

मी सेलूला भावाकडं उतरले. सकाळी वहिनीनं चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, तो धड खाल्ला गेला नाही. देवगाव फाट्यापर्यंत बस आणि पुढं जीप. उन्हाळा लागला होता. वावरं मोकळी झाली होती, ज्वारी काढून कडब्याच्या पेंढ्या रचून ठेवलेल्या. जीपमध्ये शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "कोणाच्या घरी?" मी सांगितलं. तशी ती म्हणाली, "त्या हॉकीवालीच्या? पाय कसा हाय म्हणं तिचा आता?"

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आई अंगणवाडीत. दोन खोल्यांचं पक्कं घर, पुढं पत्र्याची सावली. मी पोचले तेव्हा ती पोरगी अंगणातल्या लिंबाच्या झाडाला सायकलची ट्यूब बांधून, तिच्यात पाय अडकवून पाय मागं ओढत होती. घामानं निथळत होती. मला बघून हसली, पण थांबली नाही. बोटानं खूण केली, झालंच.

वडिलांनी पाणी दिलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"मॅडम, काय ठरलं आमच्या पोरीचं?"

माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत आतून आईचा आवाज आला. "आधी जेवू द्या की त्यायला. उन्हातानाचं आल्यात."

ज्वारीची भाकर, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी. आई वाढत होती आणि माझ्या चेहऱ्याकडं बघत होती. मला वाटतं, ती तेव्हाच समजली. आमटी वाढताना तिनं एकदाही हॉकीचा विषय काढला नाही. माझ्या आईची तब्येत विचारली, सेलूत यंदा कापसाला काय भाव लागला ते विचारलं.

जेवणं झाल्यावर ती पोरगी म्हणाली, "ताई, चला, शाळेचं ग्राउंड दाखवते."

ग्राउंड म्हणजे मुरमाचं पटांगण. आमच्या जिल्ह्यात हिरवं टर्फ नाही. आम्ही सगळ्या अशाच जमिनीवर शिकलो, चेंडू कुठं उसळेल याचा नेम नाही. ती लंगडत नव्हती, पण जपून पाऊल टाकत होती. शाळेच्या ओट्यावर बसल्यावर तिनंच विचारलं.

"सोडायलेत ना मला?"

"हो."

तिनं मान हलवली. पायाजवळचा एक खडा उचलून लांब टाकला.

"बाबाला मी सांगते. तुमी नका सांगू. तुमच्यावर चिडतील उगं."

ती रडली असती तर मी तिला समजावलं असतं. ते मला येतं. या कामात शिकावंच लागतं. पण ती माझीच सोय बघत होती, आणि त्यानं माझा धीर सुटला. मी म्हणाले, "थांब. कुणाला काही सांगू नकोस. मी एक विचारून बघते."

डोक्यात एक होतं. कमी मानधनाचा का होईना, करार चालू ठेवायचा. तिनं पुण्यात राहायचं, संघाच्या फिजिओकडं गुडघा बरा करून घ्यायचा, आणि तोवर आमच्यासोबत ऑफिसात बसून सामने बघायचे, नव्या मुली निवडायला मदत करायची. तिला खेळ कळायचा. समोरची कोणत्या बाजूला मारणार हे ती त्या पोरीच्या खांद्यावरून सांगायची.

परत देवगाव फाट्यावर आल्यावर हॉटेलमागं जाऊन साहेबांना फोन लावला. रस्त्यावर ट्रकांचा आवाज. मला दोनदा सांगावं लागलं.

"संघाच्या मालकांशी बोलावं लागेल," ते म्हणाले. "मला हे पटलंय असं नाही. पण बोलतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. मालक हो म्हणाले होते. मी वहिनीला सांगितलं, भावाला सांगितलं, आणि पहिल्या बसनं पुन्हा निघाले. काल तोच रस्ता किती लांब वाटला होता.

वडिलांना आनंद झाला. ते उभेच राहिले. "बघ, म्हणलं नव्हतं मी? मेहनत वाया जात नसती." आईनं वाटीत साखर आणली. पोरगी भिंतीला टेकून बसली होती. तिनं साखर हातात घेतली, तोंडात टाकली नाही.

"ताई, म्हणजे कागदावर मी तुमच्याच टीमची राहणार?"

"हो."

"मग दुसऱ्या टीमचं कुणी मला बघायला येईल का?"

"करार आहे तोवर नाही येऊ शकत."

"आन् माझ्या जागेवर तुमी दुसरी घेणारच ना. घ्यावीच लागंल."

मला खोटं बोलता आलं नाही. त्या जागेसाठी आम्ही एक मुलगी बघून ठेवलीच होती. "घेणार आहोत," मी म्हणाले.

"मग माझा पाय बरा झाल्यावर मी काय करायचं? व्हिडिओच बघत बसायचं?"

वडिलांचा आवाज चढला. "दारात चालून आलेलं लाथाडायलीस? त्या बाई दोनदा आल्या तुझ्यासाठी! तुझा गुडघा मोडलाय, कळायलंय का तुला?"

"कळायलंय, बाबा. माझाच हाय तो. पण मला ऑफिसात न्हाई बसायचं. मला खेळायचंय. मोकळं केलं तर निदान कुणी बोलवू तरी शकंल."

"आन् न्हाई बोलवलं तर?"

तिनं हातातली साखर वाटीत परत टाकली. तेव्हा आई म्हणाली, "खेळायचं तिला हाय. तिला काय वाटतंय ते धरा. आपुन किती दिवस तिच्या मागं मागं फिरणार?"

वडील चपला घालून बाहेर गेले. थोड्या वेळानं मीही गेले. ते शाळेच्या फाटकाजवळ उभे होते. ती लहान असताना मोटारसायकलवर मागं बसवून ते तिला सेलूला सरावाला न्यायचे, असं सांगत राहिले. स्टिक आडवी धरायची तर येणाऱ्याजाणाऱ्याला लागायची, म्हणून ते तिला ती उभी धरायला लावायचे. मग एकदम म्हणाले, "मॅडम, खरं सांगा. पुन्हा पडली तर?"

"पडू शकते, सर."

"आन् तुमी तिच्या जागी असतात तर?"

मी तिच्या वयाची असताना नोकरीचं पत्र आलं आणि मी स्टिक माळ्यावर टाकली. कुणी जबरदस्ती केली नव्हती, आणि पुढं मला त्याचं वाईटही वाटलं नाही. पण त्या दुपारी त्यांच्यासमोर उभी असताना मला हे सांगावंसं वाटेना. "मी तिच्याएवढी चांगली नव्हते," एवढंच म्हणाले. तेही खरंच होतं.

पुण्याला परतल्यावर साहेबांसमोर जायला जड गेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मालकांकडं मी माझा शब्द टाकला होता," ते म्हणाले. "आता मी त्यांना जाऊन सांगू की पोरगीच नको म्हणते?"

"हो, सर. माझी चूक झाली. तिला आधी विचारायला हवं होतं."

ते दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. मोकळं केल्याच्या पत्रावर त्यांनीच सही केली. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन एक फोन नंबर ठेवला. छत्रपती संभाजीनगरला त्यांच्या ओळखीचा एक फिजिओ होता, लष्करातला. "त्याला सांगून ठेवलंय. तिला पाठवा. करार संपला म्हणून पाय तसाच ठेवायचा असं थोडंच आहे."

ती जायची. सेलूहून रेल्वेनं जायची आणि त्याच दिवशी परत यायची. अधूनमधून मला व्हिडिओ पाठवायची. आधी नुसतं चालणं, मग पळणं, मग मुरमावर वळून पळणं. मी "छान" एवढंच लिहायचे. जास्त काही लिहिणं योग्य नव्हतं. आता ती आमची नव्हती. तो हंगाम तिच्याशिवाय गेला. तिच्या जागी आलेली मुलगी चांगली निघाली, आणि साहेबांचा हिशेब चुकला नव्हता हे सगळ्यांना दिसलं.

त्याच्या पुढच्या हंगामाआधी कळलं, की दुसऱ्या एका संघानं तिला घेतलं. मला तिनं सांगितलं नाही, वडिलांनी फोन करून सांगितलं. मग म्हणाले, "तुमाला आधी सांगू का नको, असं झालं होतं. तुमी समोरच्या पार्टीच्या."

आमचा त्यांच्याशी सामना थंडीत झाला. शेवटच्या काही मिनिटांत आम्ही एका गोलनं मागं होतो आणि आम्हाला पेनल्टी कॉर्नर मिळाला. मी वर साहेबांशेजारी बसले होते. गोलमध्ये ती वाकून उभी, तोंडाला मुखवटा, गुडघ्याला जाड पॅड. चेंडू सुटला आणि ती सुटली. त्या क्षणी मी चेंडू बघितलाच नाही, तिचा उजवा पाय बघत होते. आमच्या मुलीचा फटका तिच्या स्टिकला लागून बाजूला गेला. त्या झटापटीत तो त्यांच्या दुसऱ्या एकीच्या पायाला लागला आणि आम्हाला आणखी एक कॉर्नर मिळाला. ती पुन्हा सुटली, यावेळी चेंडू तिच्या पॅडवर बसला आणि ती पडली. ती उठली, पाय झटकला आणि परत जागेवर जाऊन उभी राहिली.

आम्ही हरलो. आमचा व्हिडिओवाला पोरगा कपाळाला हात लावून बसला. मला हसू येत होतं, आणि ते लपवायला मी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले. साहेबांनी ते बघितलं असणार. जिन्यावरून उतरताना म्हणाले, "पुढच्या वेळी कॉर्नर डावीकडून घ्यायला सांगू. तिकडं ती जरा उशिरा पोचते." एवढं बोलून त्यांनी मला वाट करून दिली.

बाहेर तिचे वडील भेटले. गावाहून एकटेच आले होते. ती आंघोळ करून आली, केस ओलेच, आणि आम्ही तिघं जवळच्या खानावळीत जेवायला बसलो. ती भराभर जेवत होती. मग तिनं बॅगेतून कागद काढले. तिच्या संघानं तिला पुढचा करार देऊ केला होता.

"ताई, जरा बघता का? इंग्रजी लय हाय ह्याच्यात."

"मी नाही बघू शकत," मी म्हणाले. "मी समोरच्या संघाची आहे ना. मी हे वाचणं बरोबर नाही."

"अरे हो!" तिनं जीभ चावली आणि कागद वडिलांकडं सरकवले. "बाबा, तुमी बघा."

वडिलांनी हात पुसून चष्मा लावला. शाळेत वाचतात तसं, एकेका शब्दावर थांबत, ते मोठ्यानं वाचायला लागले. आजूबाजूचे लोक वळून बघत होते. मी एकदा खाकरले, पण त्यांच्या लक्षात आलं नाही.

"दोन वर्षं," ते थांबून म्हणाले. "मला तर एकच बरं वाटतंय. काय म्हणता, मॅडम?"

मी ताटातली भाजी पोळीनं गोळा करत राहिले. ती पोरगी हसायला लागली.